दोन वर्षांनी हातात काय राहील? सीमाभागातल्या नव्या सिस्टर आणि ब्रदरसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झाले की बेळगावात कुठे ना कुठे चिकटायला फार दिवस लागत नाहीत. गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत आणि स्टाफ सगळ्यांनाच कमी पडतो. खरी अडचण वर्ष-दोन वर्षांनी कळते. एम्सची जाहिरात येते आणि तुमचा अनुभव धरला जात नाही. कोल्हापूरला जागा निघते, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, नोंदणी नसते. नोकरी बदलायची तर मूळ मार्कशीट जुन्या हॉस्पिटलच्या कपाटात अडकलेली. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराआधी एक प्रश्न विचारायचा: दोन वर्षांनी इथून बाहेर पडताना माझ्याकडे कागदावर काय असेल?

आधी कागद

परीक्षा पास झालात म्हणजे नर्स झालात असे नाही. बेंगळुरूच्या कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर इंजेक्शन देणारा स्टाफ नाही. या मधल्या काळात काही ठिकाणी 'ट्रेनी' म्हणून ठेवून घेतात, पूर्ण वॉर्ड सोपवतात आणि निम्मा पगार देतात. दोन-तीन महिने ठीक, पण 'ट्रेनी' म्हणून गेलेला काळ अनुभवात धरला जाईलच असे नाही. कॉलेजमधून सर्टिफिकेट हातात पडले त्याच आठवड्यात नोंदणीचा अर्ज भरा.

अर्ज अडकतो तो बहुतेक नावावर. दहावीच्या मार्कशीटवर नुसती इनिशियल, आधारवर वडिलांचे पूर्ण नाव, कॉलेजच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी. त्यात मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेले असले की एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेलेच असते. दहावीचे नाव प्रमाण धरून आधार आणि पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. उलट दिशेने जाऊ नका, बोर्डाकडून नाव बदलून आणायला जास्त वेळ जातो. लग्न ठरत असेल तर नोंदणी आधी माहेरच्या नावाने पुरी करा.

कौन्सिलची नोंदणी झाली की इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या पोर्टलवरून एनयूआयडी म्हणजे नर्सचा देशपातळीवरचा क्रमांकही काढून ठेवा. नोंदणीची मुदत कधी संपते ती तारीख फोनमध्ये टाका. मुदत संपलेली नोंदणी घेऊन मुलाखतीला गेलेले उमेदवार दारातून परत येतात.

कोल्हापूर, मिरज, पुणे डोक्यात असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची वेगळी नोंदणी लागते; गोव्यासाठी गोवा कौन्सिलची. त्यासाठी कर्नाटक कौन्सिलकडून ना-हरकत आणि पडताळणी पाठवावी लागते. एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे कागद जाण्यात महिने मोडतात आणि जाहिरातीची मुदत तर दोन-तीन आठवड्यांची. जाहिरात आल्यावर धावपळ करून हे जमत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षातच अर्ज टाकून मोकळे व्हा.

लहान नर्सिंग होम की मोठे हॉस्पिटल

इथे जीएनएम आणि बीएस्सी यांचा हिशेब वेगळा आहे, आणि हे कॉलेजात कोणी नीट सांगत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, म्हणजे नॉरसेटला, बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा, किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो. शहापूर किंवा टिळकवाडीतल्या २० खाटांच्या नर्सिंग होममध्ये पाच वर्षे काढलीत, हात कितीही बसला, तरी त्या अर्जासाठी तो अनुभव शून्य. वयाची मर्यादा ३० आहे (राखीव गटांना सवलत आहे), त्यामुळे बावीसाव्या वर्षी घेतलेला चुकीचा निर्णय सत्ताविसाव्या वर्षी महागात पडतो. या पदाचे मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होते. आजच्या खासगी पगाराशी तुलना करून पाहा म्हणजे ५० खाटांच्या अटीची किंमत कळेल.

ब्रदर मंडळींनी आणखी एक लक्षात घ्यावे. या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी असतात. उरलेल्या २० टक्क्यांत चुरस मोठी आहे, तेव्हा रेल्वे, ईएसआयसी (कामगार विमा महामंडळ) आणि राज्याच्या भरतीवरही नजर ठेवा.

म्हणून जीएनएम असाल तर ५० खाटांच्या आत पहिली नोकरी शक्यतो धरू नका, मग घर दोन चौक अंतरावर असले आणि पगार हजार-दोन हजारांनी जास्त असला तरी. खाटांचा आकडा हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. ते बहुतेक ठिकाणी रिसेप्शनजवळ भिंतीला लावलेले दिसते. वाचून घ्या. 'आमच्याकडे साठ बेड आहेत' असे एचआर सांगतो, त्यात दहा स्ट्रेचर धरलेले असतात.

बीएस्सी असाल तर खाटांपेक्षा वॉर्ड पाहा. पहिले सहा महिने जनरल मेडिसिन किंवा सर्जरी वॉर्ड मिळाला तर उत्तम. थेट आयसीयूत टाकत असतील तर मुलाखतीतच दोन गोष्टी विचारा: जुन्या स्टाफसोबत किती आठवडे ठेवणार आणि व्हेंटिलेटरवरचे किती रुग्ण एका नर्सकडे असतात? व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स हे मान्य प्रमाण आहे. नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात नाईटला तीन व्हेंटिलेटर देणारे ठिकाण शिकवत नाही, वापरते.

लहान नर्सिंग होममध्ये शिकायला मिळत नाही असे अजिबात नाही. ड्रेसिंग, कॅथेटर, प्रसूती, ओटीतली मांडणी सगळे एकटीने करावे लागते, हात पटकन बसतो. बीएस्सी झालेल्या आणि गावाकडे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून जायचे ठरवलेल्या मुलीला तो अनुभव उपयोगीच पडतो. अडचण इतकीच की तिथे चूक दाखवायला वर कोणी नसते.

अंतराचाही हिशेब करा. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. निपाणीच्या मुलीने सवयीने बेळगावकडेच का पाहावे? फक्त कौन्सिलची नोंदणी हाताशी हवी. खानापूर तालुक्यातून रोज येणार असाल तर दुपारची पाळी किती वाजता सुटते ते पाहा. बऱ्याच ठिकाणी आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री बारा तास अशी पाळी असते. रात्री आठला सुटल्यावर हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, देऊन बाहेर पडायला साडेआठ होतात. पुढे खेड्याची शेवटची एसटी मिळते का? नसेल तर हॉस्टेलचे पैसे पगारातून वजा करूनच तुलना करा.

पगार, बाँड आणि ओरिजिनल

पगाराचा आकडा तोंडी ठरवू नका. समजा महिना १६,००० ठरले आणि त्यात मूळ वेतन ८,००० आहे. तुमचा पीएफ १२ टक्के म्हणजे ९६०, ईएसआय म्हणजे कामगार विमा, तो एकूण पगाराच्या पाऊण टक्का म्हणजे १२०. हातात १४,९२० यायला हवेत. काही ठिकाणी मालकाच्या वाट्याचे पीएफचे ९६० आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ५२० हेही याच १६,००० मधून काढतात. हातात येतात १३,४४०. म्हणून विचारायचे ते असे: 'सोळा हजार ग्रॉस की सीटीसी?' म्हणजे मालकाचा वाटा वेगळा की त्यातच धरलेला?

पीएफ कापला जातो पण भरला जात नाही, हेही घडते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सरकारी उमंग ॲपवर यूएएन (तुमचा पीएफ क्रमांक) टाकून पासबुक पाहा. रक्कम दिसत नसेल तर लगेच लेखी विचारा. पासबुकातल्या या नोंदी पुढे अनुभवाचा भक्कम पुरावा ठरतात, कारण हॉस्पिटल बंद पडले किंवा मालक बदलला तरी त्या राहतात.

पगाराची बोलणी करताना एक संदर्भ माहीत असावा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधल्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के कमी आणि ५० च्या आत असतील तरी २०,००० पेक्षा कमी नाही. या शिफारशी आहेत, त्या दाखवल्या म्हणून उद्यापासून पगार वाढणार नाही. पण 'फ्रेशरला आठ हजारच देतात' असे कोणी ठासून सांगत असेल तर निदान मान खाली घालायची गरज नाही.

ओरिजिनल सर्टिफिकेट कुणालाही ठेवायला देऊ नका. दाखवा, समोर बसून पडताळून घ्या म्हणा, साक्षांकित झेरॉक्स द्या. 'आमचा नियमच आहे' असे म्हणाले तर मेलवर लिहून मागा. लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही. देणे भागच पडले तर कोणकोणते कागद, कोणत्या तारखेला आणि कधी परत मिळणार याची शिक्का-सहीची पोच घ्या.

बाँड वाचताना मुदत, मोडल्यास द्यायची रक्कम आणि नोटीस पिरियड या तीन ओळी शोधा. बाँडमध्ये लाख रुपये लिहिले म्हणून लाख वसूल होतात असे नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. पण सही केलेला कोरा चेक मात्र कदापि देऊ नका. तो वठला नाही तर प्रकरण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फौजदारीत जाते आणि मग बाँड वाजवी होता का, हा वाद बाजूलाच राहतो.

पहिले तीन महिने: चुका कुठे होतात

नव्या स्टाफचा आत्मविश्वास मोडतो तो बहुधा एका औषधाच्या चुकीने. त्यातल्या काही चुका ठरलेल्या जागी होतात, त्या आधीच ओळखून ठेवा.

इन्सुलिन: आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशी दोन्ही प्रकारची व्हायल (औषधाची लहान बाटली) असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले तर डोस अडीचपट जातो. १० युनिटच्या जागी २५. पहाटे चारला रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो ते यानेच.

हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध): ५ मिलीच्याच व्हायलमध्ये ५,००० आणि २५,००० युनिट असे दोन प्रकार येतात. लेबल सारखे दिसते. प्रति मिली किती, हे मोठ्याने वाचून दुसऱ्या स्टाफला दाखवा.

पोटॅशियम क्लोराइड: १० मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असते. हे थेट शिरेत कधीच ढकलायचे नाही, हृदय थांबते. सलाईनमध्ये घालून, बाटली उलटसुलट करून नीट मिसळून, ठरलेल्या गतीनेच. लटकत्या बाटलीत घातले तर ते तळाशी साठते आणि आधी तेच जाते.

सलाईनची गती: साध्या सेटला बहुधा १ मिलीला २० थेंब, मायक्रो सेटला ६०. पाकिटावर आकडा छापलेला असतो. ५०० मिली ४ तासांत द्यायचे तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. पहिल्या महिन्यात हा हिशेब अंदाजाने करू नका, घड्याळ लावून थेंब मोजा.

चुकीच्या रुग्णाला औषध जाण्याचे आपल्याकडचे कारण अगदी साधे आहे. एका वॉर्डात तीन पाटील आणि दोन शांताबाई. 'शांताबाई ना?' असे विचारले की कोणीही मान हलवते. नाव तुम्ही सांगू नका, त्यांना सांगायला लावा आणि केस पेपरच्या नंबरशी जुळवा. कन्नड बोलणाऱ्यांना 'निम्म हेसरेन्री?' इतके विचारले तरी पुरते.

कन्नडचा विषय निघालाच आहे तर: डॉक्टरांच्या ऑर्डर इंग्रजीत, स्टाफरूममधले बोलणे मराठीत, पण सौंदत्ती, गोकाक, बैलहोंगलकडून आलेला रुग्ण कन्नडच बोलणार. 'ऊटा आतेन्री?' म्हणजे जेवण झाले का, 'एल्लि नोवु ऐतरी?' म्हणजे कुठे दुखते, 'गुळगी तगोंड्रेन्री?' म्हणजे गोळी घेतली का. अशी तीसेक वाक्ये पहिल्या महिन्यात वहीत उतरवून पाठ करा. वॉर्डातल्या मावशींसारखे मास्तर मिळणार नाहीत. न समजता मान हलवणे सर्वांत धोक्याचे. उपाशीपोटी ऑपरेशनला न्यायचा रुग्ण 'चहा झाला' म्हणत असतो आणि सिस्टर हसून पुढे जाते. राज्य सरकारच्या नोकरीसाठी कन्नड लिहिता-वाचता येणे लागतेच, तेव्हा लिपीही सोबतच शिकून घ्या.

चूक झाली तर, त्याच तासात

आधी रुग्ण पाहा. चालू असलेले औषध थांबवा, पण शिरेतली कॅन्युला काढू नका, पुढचे उपचार त्यातूनच द्यायचे असतात. नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध, आणि इन्सुलिनची चूक असेल तर शुगर. लगेच ड्युटी डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर दोघांनाही सांगा. रिकामी व्हायल किंवा ॲम्प्यूल टाकू नका.

मग लिहा. किती वाजता, कोणते औषध, किती, कोणाला कळवले, त्यांनी काय सांगितले. 'घाईत होते', 'अमक्याने भरून ठेवले होते' हे नर्सिंग नोट्समध्ये नको. ते चौकशीत सांगायचे. आधीचे लिहिलेले खोडायचे असेल तर एक आडवी रेघ, सही, वेळ. व्हाइटनर लावला किंवा पान बदलले की साधी चूक लबाडी ठरते, आणि नोकऱ्या जातात त्या बहुधा या दुसऱ्या गोष्टीमुळे.

सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, बोट पिळू नका, घासू नका. रुग्णाची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी झाली आहे का पाहा. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या लवकरात लवकर, शक्यतो २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. कोर्स २८ दिवसांचा. सरकारी जिल्हा रुग्णालयात यासाठी जाता येते. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशी तीन डोसांत असते. ती नोकरीच्या आधीच पूर्ण करा.

प्रोबेशनमध्ये काढले तर

फ्रेशरला तीन महिन्यांत 'नको' म्हणणे घडते. कधी कामात खरोखर कमी पडलेले असते, कधी सीझन संपून रुग्ण कमी झालेले असतात. कारण लेखी मागा. मिळाले नाही तरी निदान इन्चार्ज सिस्टरला समोर बसून विचारा: कोणत्या तीन गोष्टी जमल्या नाहीत? उत्तर बहुधा कॅन्युला लावणे, हँडओव्हर देणे किंवा वेळेत नोट्स पूर्ण करणे यांपैकी असते, आणि तिन्ही सरावाने सुधारतात. हँडओव्हरला ठरलेला क्रम ठेवा: रुग्ण कोण, कशासाठी दाखल, आज काय बदलले, आता काय बाकी आहे. पुढच्या मुलाखतीत हे तीन महिने लपवू नका. पीएफमध्ये ते दिसतातच.

सरकारी जाहिरात वाचताना

महाराष्ट्राच्या जाहिरातीत अधिवासाची अट दिसली की सीमाभागातली पोरे पान उलटतात. पूर्ण वाचा. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना २००८ च्या शासन निर्णयाप्रमाणे अर्ज करता येतो. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. आपले गाव यादीत आहे का ते पाहून दाखल्याच्या मागे आधीच लागा. तिकडे या पदाला 'अधिपरिचारिका' म्हणतात, 'स्टाफ नर्स' शोधत बसाल तर जाहिरात हुकेल.

जातीच्या दाखल्याचे मात्र गृहीत धरू नका. कर्नाटकातला दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालेल असे समजून अर्ज भरला तर कागदपत्र तपासणीत बाद होण्याची भीती. केंद्राच्या भरतीतही राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेलच असे नाही. तिथे दाखल्याचा नमुनाही वेगळा. कर्नाटकच्या भरतीत राज्यघटनेच्या कलम ३७१-जे खालच्या जागा दिसतात, त्या कल्याण कर्नाटकाच्या. बिदर-कलबुर्गीच्या मराठी मुलांना त्या लागू, बेळगावच्या नाहीत.

नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. पहिल्या प्रयत्नात पडणारे बरेच जण अभ्यास कमी म्हणून नव्हे, अंदाजाने उत्तरे ठोकली म्हणून पडतात. नाईट करून अभ्यास होत नसेल तर नोकरी सोडण्याआधी जीएनएमवाल्यांनी आपली २ वर्षे पुरी झाली का ते मोजावे.

परदेशाचे एजंट पहिल्याच वर्षी गाठ घालतात. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना क्रमांक तपासा. परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दोन-तीन लाख मागणारा, 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ' म्हणणारा, दोघांनाही दारातूनच निरोप द्या.

सोडताना

राजीनामा मेलवर द्या आणि छापील प्रतीवर पोच घ्या. नोटीस पिरियड पूर्ण करा. भांडून मधेच निघालात तर अनुभवाचे पत्र अडकते, आणि ते पत्र मिळवण्यासाठीच तर दोन वर्षे काढलीत. एक्सपिरियन्स सर्टिफिकेट लेटरहेडवर, जावक क्रमांकासह हवे. त्यात तुमचा नोंदणी क्रमांक, पद (नुसते 'स्टाफ' नको, 'स्टाफ नर्स'), कोणत्या वॉर्डात किती काळ, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि हॉस्पिटलच्या खाटांची संख्या असावी. खाटांची संख्या ते आपणहून लिहीत नाहीत. मजकूर तुम्हीच टाइप करून द्या, म्हणजे शिक्का मारून लवकर मिळतो. रुजू झाल्याची तारीख पीएफच्या पासबुकाशी जुळते का ते काउंटरवर उभे राहूनच तपासा, कारण एकदा बाहेर पडल्यावर दुरुस्तीसाठी चकरा माराव्या लागतात.